खाचरातले पाणी आणि कीड

महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारे पुष्कळ भाऊ महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून येतात. घरी त्यांचे भात असते. पाळी सुटली की नजर खाचराकडे जातेच. हा पाठ त्या भातावरच्या किडीचा आहे.

कीड आभाळातून पडत नाही. पण हवा-पाणी मानवले की ती झपाट्याने वाढते. 2008 साली विदर्भ-मराठवाड्यात पावसाने मोठा ताण दिला. पावसाच्या माऱ्याने लहान अळ्या मरतात. तो माराच थांबला. सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांची धाड आली. कितीतरी शेतांत पानांची नुसती जाळी उरली. पुढच्या वर्षापासून सरकारने शेतावर जाऊन कीड मोजायची योजना सुरू केली.

आपल्याकडे पीक भाताचे आणि पाऊस धो धो. आषाढ-श्रावणात जोराच्या सरी बारीक किडे धुऊन नेतात. खरी भीती भाद्रपद-आश्विनात. पाऊस उघडतो, ऊन तापते, खाचरात पाणी मात्र तुंबलेले. त्या दमट उबेत तुडतुडा वाढतो. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून तो रस शोषतो. बांधावरून बघाल तर पीक हिरवेगार! महिन्याभरात पुढची पिढी तयार होते आणि भात जागोजाग गोल चट्ट्यांनी करपते. त्यात लावणी दाट आणि युरिया सढळ हाताने टाकलेला, मग विचारूच नका. एका चुडात 5-10 तुडतुडे दिसले तर पाणी काढून टाकावे.

लष्करी अळीचे याच्या उलट. ती दिवसा ढेकळांत, भेगांत लपते. रात्री वर चढून लोंब्या कुरतडते. चार महिन्यांची मेहनत सकाळी खाली पडलेली! कोरड्या खाचरात तिला लपायला सोपे. पाणी बांधले की ती रोपावर चढते, मग बगळे तिला टिपतात.

आता सांगा, पाणी ठेवावे की सोडावे? शेजाऱ्याने सोडले म्हणून आपण सोडू नये. आधी चूड फाकवून बुंधा बघावा. औषधाची घाईही आम्हांला पसंत नाही. त्याने कोळी मरतात, आणि कोळीच तर तुडतुडे खातात. औषध लागेलच असे वाटले, तर कोणते नि किती हे कृषी खात्याच्या माणसाला विचारावे.

रात्रपाळीहून परतताना बांधावर जरा थांबा. खाली तुटलेल्या लोंब्या दिसल्या, तर ढेकूळ उलटून बघा. अळी तिथेच असेल.