निळव्यापासून खंडीपर्यंत

इ. स. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक पद्धति आली व लिटर-किलो सर्वांच्या अंगवळणीं पडले. तरी जुन्या कागदांत आणि वडील माणसांच्या बोलण्यांत पायली-शेर भेटतातच. म्हणून त्यांचें रूपांतर विद्यार्थ्यांस यावें असें आम्हांस वाटतें.

धान्य मोजण्याचें कोष्टक असें : २ निळवीं म्हणजे १ कोळवें, २ कोळवीं म्हणजे १ चिपटें, २ चिपटीं म्हणजे १ मापटें, २ मापटीं म्हणजे १ शेर, आणि ४ शेरांची १ पायली. शेरापर्यंत सर्व पायऱ्या दुपटीच्या आहेत, त्यामुळें हिशेब तोंडींच होतो.

उदाहरण घेऊं. एका कुळानें पेरणीच्या वेळीं २ पायल्या ३ शेर बियाणें सवाईनें उचललें. सुगीला किती परत द्यावें? प्रथम सर्वांचीं चिपटीं करावीं. २ पायल्या ३ शेर म्हणजे ११ शेर, म्हणजेच ४४ चिपटीं. त्यांची चौथाई ११. एकूण ५५ चिपटीं झालीं. यांस चारांनीं भागलें असतां १३ शेर ३ चिपटीं, म्हणजेच ३ पायल्या १ शेर १ मापटें १ चिपटें.

उत्तर बरोबर आहे. परंतु खळ्यावर तें असेंच राही असें नाहीं. देतांना माप सपाट व घेतांना शिगेचें, ही युक्ति गरिबांस चांगली ठाऊक होती. शिगेत शेरामागें एकच कोळवें जास्त गेलें असें धरलें, तरी जवळजवळ ७ चिपटीं अधिक जातात. ११ चिपट्यांचें व्याज १८ च्या घरांत पोंचतें आणि वहींत मात्र सवाईच राहते! ज्यास कोष्टक येत नसे, त्यास हें कळणार कसें?

दुसरी अडचण नांवांची. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, सुमारें ९३३ ग्रॅम. मापाचा शेर निराळा. एकच शेर ज्वारीनें भरला व मग चुरमुऱ्यांनीं भरला, तर दोहोंचें वजन एक येणार नाहीं. वजनाचा मण ४० शेरांचा. मापाचा मण कोठें १२ पायल्यांचा, कोठें १६ पायल्यांचा. खंडी २० मणांची. घरीं खंडाचा जुना कागद असेल, तर त्या गांवचा मण कोणता हें आधीं वडील मंडळींस विचारावें. कारण एका खंडीमागें फरक ८० पायल्यांचा पडतो.