वळिवाआधी घराचं आर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर: पैसे आधी कुठे घालावेत?

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर लोणी काळभोरवर आभाळ दाटलं की घराघरांत टीव्हीचा प्लग काढायची धावपळ सुरू होते. सवय चांगली आहे, पण आता ती पुरत नाही. घरात वायफाय राउटर असतो, दारात सीसीटीव्ही, गच्चीवर सोलर, मळ्यात बोअरची मोटर, नर्सरीत ठिबकचा टायमर. यांतलं बरंचसं जळतं ते वीज थेट घरावर पडल्यामुळे नाही. लांब कुठे तरी पडलेल्या विजेने तारांत क्षणभर हजारो व्होल्टचा लोट उठतो आणि मीटरच्या, केबलच्या किंवा कॅमेऱ्याच्या वायरीतून तो आत शिरतो.

पहिला खर्च आर्थिंगचा. सर्ज प्रोटेक्टर कितीही भारी घेतला तरी त्याने वळवलेली वीज जमिनीत जायला वाट हवी. आपल्याकडची काळी माती ओली असते तोवर आर्थिंगला उत्तम. उन्हाळ्यात ती भेगाळते, आणि वळीव येतो तो नेमका त्याच दिवसांत. खाली मुरूम किंवा कातळ असेल तर अडचण वाढते. जुना मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर आधी त्यात पाणी घालून मोजणी करून घ्या. नवा खड्डा कदाचित लागणारही नाही. लागलाच तर पाईप, केमिकल पावडर, खोदाई आणि मजुरी धरून एका खड्ड्याला साधारण 5 ते 9 हजार रुपये पडतात. कातळ लागला तर जास्त. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजलेला ओहमचा आकडा बिलावर लिहून मागा. 5 च्या आत आला तर छान. 10 च्या वर असेल तर काम अपुरं आहे. ‘खड्डा केला, झालं’ म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका.

दुसरा खर्च मेन बोर्डातल्या सर्ज प्रोटेक्टरचा. दुकानात ‘टाइप 2 एसपीडी’ असं मागायचं. सिंगल फेजला एमसीबी आणि मजुरीसह अडीच ते साडेचार हजार, थ्री फेजला 5 ते 9 हजार असा अंदाज धरा. त्यावर 20 किंवा 40 केए असा आकडा असतो. गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर नसलेल्या घरासाठी तेवढा पुरतो. आणखी एक आकडा बघायचा, तो व्होल्टचा. आपल्याकडे न्यूट्रल तुटला की घरात जादा दाब येतो, त्यामुळे 275 पेक्षा 320 व्होल्टचा घेतलेला बरा. वायरमनचं काम इथे नीट पाहा: प्रोटेक्टरच्या जोडवायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत हवी. लांब वायरीचे वेटोळे करून ठेवले तर लोट वळण्याआधीच उपकरणापर्यंत पोचतो. प्रोटेक्टरवरची हिरवी खिडकी लाल झाली की तो संपला; पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा बघत जा. घरातल्या आरसीसीबीने माणसाला शॉकपासून वाचवायचं असतं, विजेचा लोट अडवणं हे तिचं काम नाही.

राउटर आणि सीसीटीव्हीच्या तांब्याच्या वायरींना वेगळे छोटे प्रोटेक्टर मिळतात, एकेक साधारण 800 ते 2 हजारांत. फायबरचं कनेक्शन असेल तर त्या वाटेने वीज येत नाही, तो खर्च वाचतो. सोलरसाठी पॅनेलकडून येणाऱ्या डीसी बाजूला स्वतंत्र एसपीडी लागतो. पीएम सूर्यघर योजनेत पॅनेल बसवणार असाल तर कोटेशनमध्ये ही ओळ आहे का ते सही करण्याआधी पाहा.

गच्चीवरच्या लाइटनिंग अरेस्टरविषयी स्पष्ट बोलायला हवं. उंच इमारत किंवा एकटं फार्महाऊस असेल तर तो लावण्यात अर्थ आहे. साधा तांब्याचा रॉड, पट्टी आणि स्वतंत्र खड्डा मिळून 12 ते 25 हजार होतात. विक्रेते मात्र ‘ईएसई’ प्रकाराचा आग्रह धरतात आणि एकाच टोकाने सगळा परिसर सुरक्षित होतो असं सांगतात; किंमत साध्या रॉडच्या दुप्पट-तिप्पट. आयईसी 62305 या आंतरराष्ट्रीय मानकात रॉडची प्रत्यक्ष उंची आणि जागा मोजतात, ‘ईएसई’साठी सांगितलेल्या वाढीव संरक्षणाच्या वर्तुळाला किंमत देत नाहीत. माझ्या मते घरगुती ग्राहकाने त्यावर पैसे घालू नयेत. अरेस्टरचा खड्डा आणि घराचा खड्डा जमिनीत एकमेकांना जोडून घ्या.

आता संगणकातल्या माहितीचा बॅकअप. त्याचा धडा समुद्रावरून घेता येतो. तिथे शिडाच्या बोटीची डोलकाठी सगळ्यांत उंच असते, म्हणून अनुभवी खलाशी वादळ दिसताच हातातला जीपीएस ओव्हनच्या धातूच्या पेटीत ठेवतात आणि कागदी नकाशा सोबत बाळगतात. दुकानाचे, नर्सरीचे हिशेब ज्यांच्या संगणकात आहेत त्यांनीही हेच करावं. आठवड्यातून एकदा सुट्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यायची, काढून लोखंडी कपाटात ठेवायची. डिस्कला साधारण 5 ते 6 हजार लागतात. ती संगणकाला जोडूनच ठेवली तर दोन्ही एकाच वेळी जळतील.

विम्यावर फार विसंबू नका. आगविम्याच्या पॉलिसीत वीज पडणं हा संरक्षित धोका असतो, पण बहुतेक पॉलिसींत विद्युत उपकरणात शॉर्ट सर्किट किंवा जादा दाबाने झालेलं त्याचं स्वतःचं नुकसान वगळलेलं असतं, मग त्याचं कारण आभाळातली वीज असली तरी. एजंटाकडून त्या कलमाचं उत्तर लेखी घ्या.

एक खर्च शून्य आहे. पाषाणच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर घ्या. वीज जवळ येत असल्याचा इशारा ते देतं. प्लग त्या वेळीच काढा. कडकडाट सुरू झाल्यावर मळ्यातल्या स्टार्टरला हात लावायला कुणी जाऊ नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं.

सिंगल फेज बंगल्याला आर्थिंग, मेन बोर्डातला प्रोटेक्टर, राउटरची सोय आणि हार्ड डिस्क मिळून साधारण 13 ते 22 हजारांत काम होतं. पैसे कमी असतील तर यंदा फक्त आर्थिंग आणि मेन बोर्डातला प्रोटेक्टर करा, आणि वायरमनला मार्चअखेरच बोलवा.