कॉम्प्युटरचं काम सुरू करताय? आधी खुर्ची-टेबल बघा!

डीटीपी, ऑनलाइन फॉर्म किंवा अकाउंटिंगचं काम सुरू करताना आपण सगळे पैसे कॉम्प्युटर आणि प्रिंटरवर घालतो. बसायला मात्र घरातली प्लास्टिकची खुर्ची! मग काही महिन्यांत मान, खांदा, मनगट दुखायला लागतं आणि ऐन सीझनला ऑपरेटर सुट्टीवर जातो.

दुखण्याची मुख्य कारणं अशी:

१. स्क्रीन खाली असणं: आपलं डोकं साधारण ५ किलोचं. मान जितकी पुढे वाकेल, तितका स्नायूंवर ताण. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा, अंतर हातभर. लॅपटॉप असेल तर खाली जाड रजिस्टरं ठेवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळा घ्या.

२. टेबल उंच असणं: खांदे वर उचलले जातात. कोपर काटकोनात, मनगट सरळ हवं. खुर्ची उंच करा, पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा.

३. सलग बसणं: भारी खुर्चीतही स्नायू आखडतात. दर अर्ध्या तासाने उठा. प्रिंटर थोडा लांब ठेवा, म्हणजे उठणं आपोआप होईल.

४. कामाची घाई: "आधी हातातलं संपव, मग ऊठ" म्हणणारा मालक हेसुद्धा एक कारणच!

बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर बाम चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

आजचा होमवर्क: काम करताना बाजूने स्वतःचा फोटो काढून घ्या. मान पुढे दिसली, तर आजच स्क्रीन वर घ्या.