गोठ्याची डागडुजी : आधी मेढीचा पाय, मग पत्रा

मैत्रिणींनो, या महिन्याचा अभ्यास गोठ्याच्या डागडुजीचा. माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघीवरून विश्रांतवाडीत येते, तोवर बहुतेक वर्षी पाऊस लागलेला असतो. म्हणजे कामाला हातात मे महिना, फार तर जूनचा पहिला आठवडा. आपल्या गटांतल्या काही जणींचा गोठा गावाकडे आहे, खेड, मावळ, शिरूर तालुक्यात. काहींचा लोहगाव-धानोरीच्या कडेला, चारी बाजूंनी इमारती उठल्यात त्यांच्या मधोमध. दोघींचं काम सारखंच आहे. सरकारी मदतीचा रस्ता मात्र वेगळा, ते पुढे बघू.

गोठा दुरुस्त करायचा म्हटलं की घरात पहिलं बोलणं निघतं ते पत्र्याचं. "यंदा नवे पत्रे टाकू." पैसे तिथेच संपतात. आणि पत्रे नवे असलेला गोठासुद्धा पडतो, कारण खाली मेढ कुजलेली असते. आढ्याचं पाणी वळचणीला आणि वळचणीचं मेढीच्या पायाशी. वरून पाऊस, आतून जनावराचं मूत, रोजचं धुणं, सगळं तिथेच मुरतं. म्हणून गोठा तपासायचा तो खालून वर.

हे काम तुमचंच आहे. गोठा रोज झाडते कोण? कुठे पाणी साचतं, कुठली मेढ हलते, म्हैस कुठल्या कोपऱ्यात उभी राहत नाही, हे झाडणाऱ्या बाईला ठाऊक असतं. मिस्त्री आला की मात्र तो घरातल्या पुरुषाशी बोलतो आणि वर बघून अंदाज सांगतो. त्याआधी तुमची पाहणी झालेली असली पाहिजे.

लाकडी मेढ असेल, मग ती बाभळीची असो की निलगिरीची, तर जमिनीलगतची वीतभर जागा बघा. जमिनीच्या आत लाकूड कधी कधी टिकतं, वर तर टिकतंच. सडतं ते नेमकं या सीमेवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. शेण-माती खरवडून काढा आणि स्क्रू-ड्रायव्हर किंवा खुरप्याचं टोक दाबा. अर्धा इंच सहज आत गेलं तर ती मेढ नुसती दिसायला उभी आहे. हातोडीने ठोकूनही कळतं: धड लाकूड टणक वाजतं, सडलेलं भद्द वाजतं. वाळवीने आतून पोखरलेली मेढ वरून गुळगुळीत दिसते, तेव्हा ठोकल्याशिवाय विश्वास ठेवू नका. लोखंडी अँगल किंवा पाइप असेल तरी हीच जागा बघा. मुतामुळे लोखंड कोब्याच्या पातळीला खातं, आणि वरचा रंग शाबूत असतो.

पाय गेलेली मेढ आख्खी बदलायची गरज नसते. वरचं लाकूड धड असेल तर सडलेला भाग कापून खाली काँक्रीटचा ठोकळा घालायचा, जमिनीपासून फूटभर वर येईल असा, आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या व बोल्ट लावून मेढ त्याला जखडायची. पट्ट्या ठोकळ्यात पक्क्या रोवलेल्या हव्यात. नुसती ठोकळ्यावर टेकवलेली मेढ वाऱ्यात उचलली जाते. ठोकळ्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या, नाहीतर तिथेच पाणी थांबेल. लाकूड थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. काँक्रीटच्या खळग्यात पाणी साठून राहतं आणि चार पावसाळ्यांत पुन्हा तेच. काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं. वरचा भार तोवर टेकूवर. म्हणूनच काम जूनवर ढकलू नका.

काम चालू असताना जनावरं बाहेर, पोरं बाहेर. आधी वरच्या तुळईला दोन्हीकडून टेकू द्यायचा, मगच मेढ कापायची. एका वेळी एकच. "दोन्ही एकदम उरकू" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नाही म्हणा.

आता छपराकडे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुणे जिल्ह्यातूनही गेलं. मावळ, खेड, जुन्नरकडे घरांचे, शाळांचे, गोठ्यांचे पत्रे उडाले. पत्रा उडतो म्हणजे वारा त्याला वरून ढकलत नाही. गोठ्याच्या उघड्या बाजूने वारा आत शिरतो आणि पत्र्याला खालून उचलतो. त्याच वेळी वरून जाणारा वारा त्याला ओढतो. सुरुवात नेहमी कडेने होते: वळचण, आढं आणि दोन्ही टोकं. पदराला पिन कडेला लावतो ना, तसंच. मधे चार खिळे जास्त मारून उपयोग नाही, कडा धरल्या पाहिजेत.

पत्रा लोखंडी कैचीवर असेल तर जे-हूक वापरा, वर रबरी किंवा डांबरी वायसर. भोक नळीच्या माथ्यावर पाडायचं, खोलगट भागात कधीच नाही; पाणी खोलगटातून वाहतं. मधल्या भागात तीन-चार नळ्यांआड हूक चालेल, पण कडेला एकाआड एक हवा. एका पत्र्यावर दुसरा चढवताना बाजूने दीड नळी आणि लांबीच्या टोकाला ६ इंच तरी चढवा. आणखी एक बारकी गोष्ट, जी बरेच कारागीर करत नाहीत: आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे बसवायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करायची. मग प्रत्येक सांध्याचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला राहतं आणि झड आत शिरत नाही.

पत्रा वाशाला धरून आहे, पण वासा तुळईला? तुळई मेढीला? बऱ्याच जुन्या गोठ्यांत तुळई मेढीच्या बेचक्यात नुसती ठेवलेली असते, वजनावर. अशा ठिकाणी पत्र्यासकट आख्खं पाखं उचललं जातं. प्रत्येक सांध्याला लोखंडी पट्टी आणि बोल्ट, नाहीतर जाड तारेचे पक्के वेढे. शिवाय मेढ आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरका टेकू ठोका, दोन-अडीच फुटांचा. गोठा एका बाजूला कलला असेल तर या टेकूंनी पुढचं कलणं थांबतं. कललेला गोठा दोर लावून एका दिवसात सरळ ओढायला जाऊ नका, सांधे उकलतात.

पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते. माझं मत स्पष्ट आहे: दगड काढा. साध्या वाऱ्यात त्याची गरज नसते, आणि मोठ्या वाऱ्यात तोच दगड म्हशीच्या पाठीवर किंवा धार काढणाऱ्या बाईच्या डोक्यात येतो.

सिमेंटचा जुना पत्रा असेल तर जास्त जपा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि माणूस चढला की खचकन फुटतो. असं पडून माणसं जन्माची अधू होतात, जिवानिशीही जातात. चढावंच लागलं तर दोन-तीन कैच्यांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच जायचं. हा पत्रा कोरडा कापू नका, घासू नका. त्याची धूळ फुप्फुसात राहते आणि पुढे कर्करोगापर्यंत नेऊ शकते. काम करावंच लागलं तर पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून. फुटके तुकडे कोब्याच्या भरावाला किंवा चुलीच्या आडोशाला वापरायचे नाहीत.

भिंत मातीची असेल तर तिला सिमेंटचं प्लास्टर करू नका. दिसायला छान दिसतं. पण मातीची ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टर मातीचा पापुद्रा घेऊन खाली येतं. माती, शेण आणि भुसा मिसळून जुन्या रीतीने लिंपा, पायथ्याला दगडी जोतं असू द्या, वळचण दीड-दोन फूट बाहेर काढा. पागोळ्या पडतात तिथे चर खणून पाणी लांब न्या. मावळातल्या झडीत तर या चराशिवाय भिंत टिकतच नाही. आतून चुना मारणं स्वस्त आणि चांगलं. मेढींना वाळवी लागू नये म्हणून गाडीचं जळकं ऑइल फासतात. जनावर चाटेल एवढ्या उंचीपर्यंत ते अजिबात नको.

जमिनीचा खर्च बायांना सांगावा लागत नाही, तो दुधात दिसतो. कोबा फुटला की खड्ड्यात मूत साचतं, म्हैस त्यातच बसते, सड ओले राहतात आणि कासदाह होतो. औषधाचे पैसे जातात, आठवडाभराचं दूध फेकावं लागतं, कधी एक सड कायमचा जातो. जनावर उभं राहतं ती जागा ५ फूट धरली तर गव्हाणीपासून मागच्या गटारापर्यंत १ ते दीड इंच उतार पुरे. जास्त उतार दिला तर जनावराच्या पायांवर ताण येतो. खड्डे बुजवताना फुटका भाग खणून काढा, दगड-मुरूम चोपा आणि मगच काँक्रीट. वरून गुळगुळीत घोटू नका. गाभण म्हैस घसरून फाकली की उठवणं किती कठीण असतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ओल्या काँक्रीटवर काथ्याचा दोर दाबून रेघा पाडल्या तरी खूर धरतो.

विजेची वायर पत्र्याला किंवा लोखंडी मेढीला बांधलेली असेल तर बाकी सगळं सोडून आधी ती काढा. ओल्या गोठ्यात लोखंडी खांबात करंट उतरला की बांधलेलं जनावर पळूही शकत नाही. वायर पाइपातून न्या, अर्थिंग करून घ्या, आणि मीटरजवळ गळता करंट तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवा. हे काम वायरमनचंच.

आता पैसे. गावाकडच्या मैत्रिणींना रोजगार हमीतून गोठ्याची वाट आहे. फेब्रुवारी २०२१ च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २ ते ६ जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये आणि १० शेळ्यांच्या शेडला ४९,२८४ रुपये धरले होते. ही योजना नव्या बांधकामाची, डागडुजीची नव्हे. नावं आणि रकमा बदलत असतात, म्हणून ग्रामपंचायतीत रोजगार सेवकाकडे आजचा नियम विचारा. लोहगाव, धानोरीसारखी गावं महापालिकेत गेली, तिथे रोजगार हमीचं हे काम मिळत नाही. त्या मैत्रिणींना गटाचं अंतर्गत कर्ज हाच जवळचा आधार. गटात कुणी म्हणेल, डागडुजी म्हणजे काही धंदा नाही, कर्ज कशाला? तिला दुधाचं कार्ड दाखवा.

वादळात गोठा पडला तर आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये आहेत. तेवढ्यात पत्रेही नीट येत नाहीत. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० आणि शेळीला ४,००० रुपये. पण पंचनामा झाला तरच. म्हणून आत्ता, गोठा उभा असतानाच, आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. पडल्यावर आवराआवर करण्याआधी पुन्हा फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला नसेल तर भरपाई अडते, तो पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्या. आणि घराच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नाव कुणाचं आहे ते एकदा बघा. तिथे नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. गोठा तुम्ही सांभाळता आणि भरपाईच्या कागदावर तुमची ओळख "अमक्याची पत्नी" एवढीच, असं होतं ते इथूनच.

पैसे थोडेच असतील तर माझा क्रम असा: वायर, मग सडलेल्या मेढी, मग छपराच्या कडा आणि सांधे, मग जमीन. नवे पत्रे सगळ्यांत शेवटी. गंजून भोकं पडलेला एखादा पत्रा तेवढा बदलायचा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने कागदावर तीन आकडे आणावेत: गोठ्यात मेढी किती, त्यातल्या किती मेढींत टोक आत गेलं, आणि कडेचे किती हूक सैल किंवा गायब आहेत. ज्यांचा गोठा गावाकडे आहे त्यांनी घरच्या कुणाकडून फोनवर मोजून घ्यावं, पण खुरपं टोचून बघायला सांगा, नुसतं बघून नाही. सगळ्यांचे आकडे एकत्र झाले की हूक, वायसर आणि पट्ट्यांची खरेदी एकदम करता येईल. आळंदी रस्त्यावरच्या दोन-तीन हार्डवेअर दुकानांतून भाव काढायला दोघी जणींची नावं त्याच दिवशी ठरवू.