सिक्वेन्सरमध्ये आवाज नसतो

कॉर्ग ट्रायटन या कीबोर्डच्या पॅनलवर ‘रेक/राइट’ लिहिलेलं एक बटण आहे. प्रोग्रॅम मोडमध्ये ते वापरून बदललेला आवाज यंत्रात कायमचा लिहिता येतो. वीज गेली तरी तो तिथेच राहतो. सिक्वेन्सर मोडमध्ये मात्र तेच बटण फक्त रेकॉर्डिंगची तयारी करतं. गाणं राखायचं असेल तर डिस्क मोडमध्ये जाऊन ते फ्लॉपीवर सेव्ह करावं लागतं, नाहीतर स्विच बंद झाला की गाणं गेलं. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पण आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड चार हातांतून फिरून आलेले, त्यांच्यासोबत मॅन्युअल कुठून येणार?

लोडशेडिंगच्या दिवसांत एका शाळेच्या गॅदरिंगसाठी नाचाच्या गाण्याचा मायनस ट्रॅक, म्हणजे गायनाशिवायची साथ, करत होतो. ढोलकी, बेस, कॉर्ड्स, बासरीचे पीस असं बहुतेक सगळं चढलं होतं. वेळापत्रकाप्रमाणे त्या दुपारी वीज जायची नव्हती. गेली. परत आली तेव्हा पडद्यावर कोरं करकरीत सॉन्ग. ठेका आणि बेस पुन्हा वाजवले, पहिल्यापेक्षा बरेही झाले, पण अंतऱ्याआधीचा बासरीचा फिलर काही केल्या परत हाताला लागला नाही.

म्हणून नव्याने या कामात पडणाऱ्यांना सांगतो: एक ट्रॅक मनासारखा झाला की लगेच सेव्ह, आणि दर वेळी नव्या क्रमांकाने. जुन्या फाइलवर नवी चढवू नका. कालचा मुखडा आजच्यापेक्षा चांगला होता हे बहुधा परवा कळतं. कीबोर्डला यूपीएस लावा. ट्रायटन १९९९चा, पण हे फक्त त्याचं दुखणं नाही. तुमचं यंत्र कोणतंही असो, वीज बंद केल्यावर त्याचं सॉन्ग राहतं की जातं, हे चार सुरांचं खोटं गाणं करून आधी तपासा.

आता मूळ मुद्दा. सिक्वेन्सर आवाज टिपत नाही. कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, अशा हालचालींचीच नोंद तो ठेवतो. १९८३ साली आलेल्या मिडीची भाषाच ती. त्याचा फायदा आपण रोज घेतो. गाणं संथ केलं तरी सूर उतरत नाही, बासरीच्या जागी सनई लावता येते, एक चुकलेला सूर तेवढाच उचलून दुरुस्त करता येतो. पण अडचणीही तिथूनच सुरू होतात.

त्याच गॅदरिंगच्या बाई तालमीनंतर म्हणाल्या, “मुलींचा आवाज वर जात नाही हो दादा, थोडं खाली घ्या ना.” काळी पाचची काळी चार करायची, म्हणजे फक्त दोन स्वर खाली. सगळे ट्रॅक निवडून एकदम सरकवले की काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. ड्रम किटमध्ये प्रत्येक पट्टीवर वेगळं वाद्य बसवलेलं असतं. जनरल मिडीच्या नकाशात किक ३६ क्रमांकावर, स्नेअर ३८वर, बंद हाय-हॅट ४२वर. दोनने खाली गेलं की स्नेअरच्या जागी किक वाजते, हाय-हॅटच्या जागी दुसराच स्नेअर कडकडतो आणि मूळची किक ३४वर जाऊन नाहीशी होते. ऱ्हिदमचे ट्रॅक सोडून बाकीचेच सरकवायचे, हा नियम एकदा ऐकलं की कायमचा पाठ होतो.

सॉन्गमध्ये आवाजाचीही फक्त बँक आणि क्रमांक असतो. तुम्ही हौसेने घडवलेली सनई यूजर बँकेत असेल आणि उद्या त्याच जागेवर गिटार लिहिली, तर सगळ्या जुन्या गाण्यांत सनईऐवजी गिटार वाजेल. ट्रायटनवर म्हणूनच नुसती एसएनजी फाइल पुरत नाही. आवाजांची पीसीजी फाइलही सोबत हवी. ‘सेव्ह ऑल’ करा. यंत्रात सॅम्पल भरले असतील तर तेही जातात ना, ते बघा.

क्वांटाइझबद्दल माझं मत जरा कडक आहे. ट्रायटन एका क्वार्टर नोटचे १९२ भाग करतो. १२०च्या टेम्पोला हा एक भाग अडीच मिलिसेकंदांहून थोडा जास्त पडतो. एवढ्या बारकाईने तो तुमचा हात टिपतो, आणि आपण सिक्स्टीन्थ नोटचं क्वांटाइझ लावून सगळं सव्वाशे मिलिसेकंदांच्या खणांत कोंबतो! केहरव्यात थाप किंचित मागे ठेवून जो डौल येतो, तो या खणांत उरत नाही. मग लोक म्हणतात, कीबोर्डची ढोलकी मशीनसारखी वाजते. किक आणि बेस खुशाल सरळ करा. ढोलकीची आधी रिकाम्या ट्रॅकवर नक्कल घ्या, नकलेवर प्रयोग करा, मूळ ट्रॅक म्यूट करून ठेवा. रेकॉर्ड करतानाच लागणारं क्वांटाइझ बंदच असू द्या, कारण त्यात मूळ हात कुठेच राहत नाही. बासरी-सनईच्या ट्रॅकला तर हे लावूच नका. सूर सरकले आणि सूर वाकवणाऱ्या बेंडरची नोंद जागेवरच राहिली, तर मींड भलत्याच ठिकाणी येते.

बेंडरचा आणखी एक घोळ आहे. मधला तुकडा पंच-इन करून पुन्हा वाजवताना, तुकडा संपला त्या क्षणी बेंडर मध्यावर नसेल, तर त्या ट्रॅकचं पुढचं सगळं बेसूर वाजू शकतं. पेडल दाबलेलं राहिलं तर सूर लोंबत राहतात. दोष कीबोर्डात शोधू नका; इव्हेंट एडिटमध्ये जाऊन तिथे शून्याची नोंद घाला.

ट्रायटनला एका वेळी ६२ सुरांची मर्यादा आहे, आणि दोन ऑसिलेटरचा आवाज असेल तर ३१ची. स्ट्रिंग्ज भरमसाट लावल्या की आधीचे सूर मध्येच तुटतात, म्हणून पॅड सांभाळून वापरा.

आणि कार्यक्रमात सिक्वेन्सरच्या भरवशावर राहू नका. ट्रॅक पक्का झाला की लाइन-आउटमधून संगणकावर वेव्ह फाइल करून घ्या, आणि बदल करायला सॉन्ग वेगळं ठेवा. दोन्ही हवं.

ज्यांच्या कपाटात अजून फ्लॉपी आहेत त्यांना विनंती: ड्राइव्ह चालतोय तोवर प्रत्येक गाणं उघडा, स्टँडर्ड मिडी फाइल करून संगणकामार्फत पेन ड्राइव्हवर घ्या आणि सोबत ऑडिओही काढा. मिडी फाइलमध्ये तुमचे घडवलेले आवाज जात नाहीत, फ्लॉपी आणि यंत्र गेल्यावर ते फक्त त्या ऑडिओतच राहतील.