मुद्दल राखणारे गाव : बारीपाडा



भूगोलाच्या तासाला एकदा ‘माझे गाव’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या असता एका विद्यार्थ्याने वही कोरीच परत दिली. कारण विचारता तो मान खाली घालून म्हणाला, “सर, आमच्या गावात लिहिण्यासारखे काही नाही. मोठे देऊळ नाही, कारखाना नाही, आठवड्याचा बाजारदेखील भरत नाही.” वर्ग हसला, परंतु मला हसू आले नाही. खेड्यातून आलेल्या पुष्कळ मुलांच्या मनात हीच लाज कमीअधिक प्रमाणात वसत असते. तेव्हा गावाची संपत्ती कशावरून मोजावी, हा प्रश्न आपण नीट सोडविला पाहिजे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या खानदेशातच, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, बारीपाडा नावाचे एक लहानसे शेतकरी गाव आहे. त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गावाचे स्थान व लोक

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या राजमार्गावर साक्री लागते. तेथून पश्चिमेकडे पिंपळनेर. आणि त्याच्याही पलीकडे, सह्याद्रीच्या ज्या डोंगररांगा गुजरातच्या सीमेला जाऊन भिडतात, त्यांच्या कुशीत बारीपाडा वसले आहे. वस्ती शंभर उंबऱ्यांच्या आसपास. रहिवासी मुख्यतः कोकणा जमातीचे आदिवासी शेतकरी. जमीन उताराची व तुकड्यातुकड्यांची. भात, नागली, वरई व कडधान्ये ही येथील पिके. जळगावकडील केळीच्या बागा किंवा तापीकाठची काळी कसदार जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांस प्रथमदर्शनी हे गाव गरीबच वाटेल.

पूर्वी ते खरोखरच तसे होते. सुमारे १९९० पर्यंत गावाभोवतीचे डोंगर उघडे पडत चालले होते. सरपण विकण्यासाठी झाडे तुटत. गुरे मोकाट चरत, त्यामुळे नवा अंकुर वर येत नसे. पावसाळ्यात धो धो पाऊस पडे आणि उन्हाळ्यात बायकांना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी लांब जावे लागे. शेतीवर वर्ष निघेना, म्हणून कित्येक कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडून जात. आणि मोहाची दारू गाळणे हाही एक धंदा होऊन बसला होता. ज्या वनाच्या आधाराने पूर्वजांनी येथे वस्ती केली, ते वनच मुलांनी विकून खाल्ले, असे म्हणावयाची पाळी आली होती.

गावाचा निश्चय

अशा वेळी गावातील एक सुशिक्षित तरुण, श्री. चैत्राम पवार, यांनी शहरातील नोकरीची वाट सोडून गावातच राहण्याचे ठरविले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यातून त्यांस दिशा व सहकारी मिळाले. त्यांचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणजे जमाखर्चाचे शास्त्र ते शिकलेले. ज्या घरात व्याजावर भागत नाही म्हणून मुद्दलाला हात घातला जातो, त्या घराचे पुढे काय होते, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. गावाचे वन हे मुद्दल होय. सुके सरपण, पालापाचोळा, फळे, कंदमुळे, मध व पाणी हे त्याचे व्याज होय. हा हिशेब एकट्याला कळून उपयोग नव्हता. तो शंभर घरांस पटणे अवश्य होते.

गावकऱ्यांनी एकत्र बसून नियम केले. ओले झाड तोडावयाचे नाही. राखलेल्या वनात गुरे सोडावयाची नाहीत. बैलगाडी वनात न्यावयाची नाही. कारण डोक्यावरच्या मोळीला मर्यादा असते, गाडीला नसते. नियम मोडणाऱ्यास दंड, व मोडणारा दाखवून देणाऱ्यास बक्षीस. राखण करावयास गावातलीच माणसे नेमली. पुढे दारूबंदीही आली. ह्यात आश्चर्य असे की, हे नियम कोणत्याही कचेरीतून आलेले नव्हते. जंगल सरकारचे, मग आपण का राखावे, हा जुना प्रश्न मागे पडला आणि जंगल आपले, म्हणून आपणच राखले पाहिजे, हा विचार पुढे आला. गाव व वनखाते यांनी मिळून वने सांभाळावी, असे धोरण केंद्र सरकारने १९९० साली व महाराष्ट्र सरकारने १९९२ साली जाहीर केले होतेच; त्या चौकटीस गावच्या निश्चयाची जोड मिळाली.

अशा रीतीने सुमारे चारशे हेक्टर, म्हणजे हजार एकर, वन गावाने राखले. २००३ साली आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधी या संस्थेच्या पारितोषिकाने या कार्याची दखल घेतली गेली आणि २०२५ साली भारत सरकारने श्री. पवार यांस पद्मश्री जाहीर केली. परंतु विद्यार्थ्यांनी पारितोषिकांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यामागील कारण समजून घेणे अधिक हिताचे आहे.

वन पाणी कसे देते ?

उघड्या डोंगरावर पावसाचा थेंब वेगाने आदळतो, मातीचे कण सुटे करतो व त्यांस घेऊन ओढ्याला मिळतो. पाणी दोन प्रहरांत वाहून जाते आणि त्याबरोबर शेतकऱ्याची शतकांची ठेव, म्हणजे सुपीक माती, तीही जाते. झाडीच्या डोंगरावर तोच थेंब प्रथम पानांवर पडतो, तेथून हळूच खालच्या पाचोळ्यावर उतरतो. कुजलेला पाचोळा पाणी शोषून धरतो. मुळांनी पोखरलेल्या जमिनीत ते झिरपते आणि महिनोन् महिने झऱ्यांतून व विहिरींतून सावकाश बाहेर येते. पाऊस पूर्वीइतकाच, परंतु पूर्वी तो पाहुण्यासारखा येऊन जाई, आता तो घरच्या माणसासारखा राहतो. बारीपाड्याच्या लोकांनी त्यास दगडी बांध व लहान बंधारे यांची जोड दिली. ज्या गावच्या बायका पाण्यासाठी वणवण करीत, ते गाव पुढे शेजारच्या गावांनाही पाणी देऊ लागले.

पाणी आले तसे शेतीचे रूप पालटले. भाताचे उत्पन्न सुधारले, भाजीपाला होऊ लागला व मजुरीसाठी बाहेर जाणे कमी झाले.

वनाने अन्नही दिले. २००४ पासून येथे दरवर्षी वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. गावोगावच्या आदिवासी भगिनी कर्टुले, टाकळा, कुरडू, बांबूचे कोवळे कोंब अशा अनेक रानभाज्या शिजवून आणतात. कोणती भाजी कोणत्या आठवड्यात कोवळी असते, कोणती आंबटाची जोड दिल्यावाचून घशाला खाजते, कोणत्या वेलीचा कंद काढताना थोडा भाग जमिनीत ठेवावयाचा, हे ज्ञान त्यांच्याजवळ पिढ्यान् पिढ्या आहे. शाळेची पायरीही न चढलेली आजीबाई या विषयात आपल्या वर्गाची परीक्षा घेऊ शकेल, हे आपण विनयाने मान्य केले पाहिजे.

ही रीत खानदेशाला नवी नाही

एकाच्या लोभाने सर्वांचे नुकसान होऊ नये म्हणून सर्वांनी मिळून मर्यादा घालून घेणे, ही गोष्ट आपल्या भागात नवीन नाही. साक्री तालुक्यातूनच वाहणाऱ्या पांझरा नदीवर शेकडो वर्षांपासून ‘फड’ पद्धती चालत आली. नदीवर दगडी बंधारा घालून पाटाने पाणी आणावयाचे. भिजणाऱ्या जमिनीचे तीनचार मोठे भाग, म्हणजे फड, पाडावयाचे. आणि एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडले व एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकट्यावर न पडता सर्वांत वाटला जाई. पाणी सोडणारा पाटकरी व राखण करणारा जागल्या गावानेच नेमलेले असत. पुढे पुष्कळ ठिकाणी ही पद्धती मोडली. बारीपाड्याने वनाच्या बाबतीत जे केले, ते पूर्वजांनी पाण्याच्या बाबतीत केलेल्याचेच भावंड होय.

पाहुण्यांस व धनिकांस

गाव प्रसिद्ध झाले की दोन प्रकारचे लोक येतात. एक पाहावयास व दुसरे पैसा गुंतवावयास. दोघांचेही स्वागत असावे. परंतु दोघांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पाहुण्याने प्रथम गावास कळवून, परवानगी घेऊन जावे. वाट दाखविणारा गावचाच असावा व त्यास योग्य मोबदला द्यावा. वनात कागद, बाटल्या टाकू नयेत, रोप उपटू नये, घरात व माणसांत परवानगीवाचून छायाचित्रे घेऊ नयेत. आपण प्राणिसंग्रहालयात नव्हे, तर दुसऱ्याच्या घरी गेलो आहोत, एवढे स्मरण ठेवले तरी पुरे.

पैसा घेऊन येणाऱ्याने आधी कायदा समजून घ्यावा. महाराष्ट्रात १९६६ ची जमीन महसूल संहिता व तिच्यात १९७४ साली झालेली दुरुस्ती यांअन्वये आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. विक्रीस तर शासनाचीही पूर्वमान्यता लागते. १९९६ च्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार मिळाले आहेत, व साक्री तालुक्याचा काही भाग त्या क्षेत्रात मोडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर वनावरील सामूहिक हक्कही मान्य केला. हे कायदे उद्योगाच्या वाटेतील काटे नव्हेत. ते दुबळ्याच्या शेताचे कुंपण आहे.

मग पैसा लावावयाचा कोठे? तांदूळ व वनोपज योग्य भावाने विकत घेण्यात, ते सुकविण्याच्या व साठविण्याच्या सोयीत, गावच्याच तरुणास कारागिरी शिकविण्यात. ज्या योजनेत जमीन व वन गावाचे राहते आणि नफ्याचा न्याय्य वाटा गावात पडतो, ती गुंतवणूक. ज्या योजनेत डोंगर एकाचा होतो व बाकीचे तेथे पहारेकरी म्हणून उरतात, तिला दुसरे नाव शोधावे.

पालकांस दोन शब्द

आता थोडे कटू बोलतो, त्याची क्षमा असावी. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी शेताचा तुकडा विकणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही व अडचणही खरी असते. परंतु विकण्यापूर्वी एकदा घरातील सर्वांनी, मुलांसह, एकत्र बसून हिशेब मांडावा. लग्नातील एका दिवसाच्या मानासाठी तीन पिढ्यांचे मुद्दल जात नाही ना, हे पाहावे.

दोष एकट्या पालकांचा नाही. “अभ्यास केला नाहीस तर शेतात राबावे लागेल,” असे आम्ही शिक्षकच वर्गात म्हणतो. मीही म्हटले आहे. त्या एका वाक्याने मुलाच्या बापाच्या कष्टांचा आपण अपमान करतो, हे मला उशिरा कळले. शिकलेल्याने गाव सोडलेच पाहिजे असे नाही. पदवीधराच्या हिशेबी बुद्धीने एक आख्खे गाव कसे सावरते, हे बारीपाड्याने दाखविले आहे. ज्यास शहरात जावयाचे असेल त्याने खुशाल जावे. परंतु गावाची लाज वाटते म्हणून जाऊ नये.

आमच्या धर्मशिक्षणात एक गोष्ट बालपणापासून शिकविली जाते की, ही सृष्टी परमेश्वराची असून मनुष्य तिचा मालक नव्हे, तर कारभारी आहे. आणि कारभाऱ्याला एके दिवशी हिशेब द्यावा लागतो. ही गोष्ट मी प्रार्थनामंदिरात अनेकदा ऐकली. पण ज्यांनी ती आमच्या शब्दांत कधी ऐकलीही नसेल, अशा डोंगरातील शेतकऱ्यांनी ती आचरून दाखविली आहे. चांगुलपणा कोणत्याही एका समाजाची मिरास नाही, हाही धडा येथे घ्यावा.

स्वाध्याय

सुट्टीत गावी गेल्यावर घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून पुढील प्रश्न विचारावे व उत्तरे वहीत लिहून आणावी.

१. तुमच्या लहानपणी गावचा ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे? आता कधी आटतो?
२. गावात सर्वांच्या मालकीचे काय काय होते? त्यांपैकी आज काय उरले आहे?
३. सर्वांनी मिळून पाळलेला एखादा नियम आठवतो का? तो कोणी व का मोडला?
४. आईला किंवा आजीला किती रानभाज्या ओळखता येतात? त्यांतील किती तुम्हांस येतात?
५. आपल्या गावाचे मुद्दल कोणते व व्याज कोणते?

ज्या विद्यार्थ्याने कोरी वही दिली होती, त्यासही हेच प्रश्न दिले आहेत. त्याच्या गावात देऊळ, कारखाना वा बाजार नसेल. परंतु विहीर, बांध, वडाचे झाड व जुन्या गोष्टी सांगणारे एखादे म्हातारे माणूस खासच असेल. त्याच्या दहा ओळींना तेवढे पुष्कळ आहे.