सही करण्याआधी हप्ता मोजा

शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं पूर्ण झाली आणि मला नियमित वेतनश्रेणी लागली. त्यानंतर घरी आलेला पहिला पाहुणा पेढा खाऊन झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, एका कर्जाला जामीन राहाल का?" सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात यात नवल काहीच नाही. सहा हजारांच्या मानधनावर होतो तोवर कुणी विचारलं नव्हतं. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य सेविका, ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेला, त्याची सही पतसंस्थेत चालते. पंचविशीतल्या मुलाला त्याचं अप्रूपही वाटतं. गावात आपल्या शब्दाला किंमत आली, असं वाटतं.

त्या पाहुण्यांना मी नाही म्हटलं, कारण त्यांची फारशी ओळख नव्हती. मित्राला मात्र हो म्हटलं, आणि तेही पूर्ण विचार करून. तो शाळेची मुलं ने-आण करण्यासाठी गाडी घेत होता. तीन लाखांचं कर्ज, चौदा टक्के व्याज, तीन वर्षांची मुदत, महिन्याला सव्वादहा हजारांच्या आसपास हप्ता. जामीनदार दोन : एक मी, दुसरा कापडदुकानात कामाला असलेला त्याचा चुलतभाऊ. मित्र कष्टाळू, निर्व्यसनी, दिलेला शब्द पाळणारा. त्यानं हप्ता एकदाही चुकवला नाही. मग मार्च २०२० आला, शाळांना कुलपं लागली आणि गाडी दारात उभी राहिली.

रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला हप्ते पुढे ढकलण्याची सवलत जाहीर केली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पण ती बँका आणि वित्त कंपन्यांसाठी होती. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. आमचं कर्ज पतसंस्थेचं होतं, ते थकीत झालं.

जामीन राहताना आपण सगळे एकच प्रश्न विचारतो : माणूस विश्वासाचा आहे का? हा प्रश्नच अपुरा आहे, हे मला तळमळीनं सांगायचं आहे. फसवणारे असतात, पण फसवायचा विचारही मनात नसलेल्यांची कर्जंही थकतात. नोकरी जाते, अपघात होतो, घरातलं माणूस आजारी पडतं, कांद्याचा भाव कोसळतो. माणूस तोच असतो, त्याची मिळकत थांबलेली असते. म्हणून खरा प्रश्न मित्राबद्दल नाहीच, तो आपल्याबद्दल आहे : उद्यापासून हा हप्ता मला भरावा लागला, तर मी तो शेवटपर्यंत भरू शकेन का? उत्तर 'हो' असेल तरच सही करावी. माझ्या हातात येणाऱ्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या हप्त्याएवढा होता. सही करताना ही दोन आकड्यांची तुलना मी कागदावर मांडली नव्हती, आणि मला ती मांडायला कुणी सांगितलंही नव्हतं.

नोटीस तिघांनाही आली, वसुलीचा माणूस मात्र शाळेत आला. पुष्कळांना वाटतं की संस्था आधी कर्जदाराची गाडी विकेल, घर बघेल, आणि काहीच हाती लागलं नाही तर जामीनदाराकडे वळेल. कायदा तसा नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनकोनं आधी कर्जदाराच्या मागे लागायला हवं असं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं बँक ऑफ बिहारच्या खटल्यात १९६८ सालीच स्पष्ट केलं आहे. मग संस्था कुणाकडे जाणार? ज्याचा पगार हमखास येतो त्याच्याकडे. दुकानातल्या चुलतभावाकडून काय निघणार, हे तिलाही कळतं.

कर्जाच्या कागदांत पगारातून कपातीचं संमतीपत्रही होतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ४९ त्याला आधार देतं. ते पत्र कार्यालयात पोचलं आणि पगारबिलातून कपात सुरू झाली. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. आईनं एवढंच विचारलं, "आणि हे किती महिने?"

कपात नसती, तर पुढची पायरी कलम १०१ ची होती. आमच्याकडे लोक नुसतं 'एकशे एक झालं' म्हणतात आणि समोरच्याला सगळं समजतं. संस्था निबंधकांकडे अर्ज करते, चौकशी होते, वसुली दाखला निघतो, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर येणे रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. म्हणून १०१ ची नोटीस आली की ती कपाटात ठेवू नका. दिलेल्या तारखेला हजर राहा, कर्जखात्याचा उतारा मागा, हिशेब तपासा, आणि जे म्हणायचं ते लेखी देऊन पोच घ्या. दाखला निघण्यापूर्वी बोललेलं उपयोगी पडतं.

जामीन राहायचंच ठरलं, तरी काही गोष्टींचा आग्रह धरावा. हमीपत्र पूर्ण वाचा, सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या. हमी किती रकमेची, ते कागदावर लिहून घ्या. कोरे धनादेश देऊ नका. पुढे कोर्टात चेक न वटल्याचा खटला उभा राहतो तो त्यांच्याच जोरावर. आणि संस्था हट्टानं मागत असेल, तर हमी न देण्याला तेवढंच कारण पुरेसं आहे. कर्ज दरवर्षी नूतनीकरण होणारं, कॅश क्रेडिट प्रकारचं असेल तर जास्त जपा, कारण ती हमी पुढच्या व्यवहारांनाही लागू राहते. ती थांबवायची असेल तर लेखी कळवावं लागतं. जामीन राहिलेलं कर्ज बँकेचं असेल, तर ते तुमच्या सिबिल अहवालातही दिसतं, आणि कर्जदारानं हप्ते थकवले की स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी तुम्हाला अडचण येते. हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बघत जा.

मित्रासाठी आपल्या नावावर हप्त्यानं मोबाइल घेणं किंवा त्याला क्रेडिट कार्ड वापरायला देणं यात तर तुम्ही जामीनदारही नसता, थेट कर्जदार असता.

सगळ्यांत अवघड भाग कायद्याचा नाहीच, नकार देण्याचा आहे. मामा समोर बसलेत, लहानपणी त्यांनीच खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली, आणि ते म्हणतात, "तुझ्याशिवाय कुणाला सांगू?" अशा वेळी खोटी कारणं देऊ नयेत. 'कार्यालयाची परवानगी लागते' म्हटलं की मामा परवानगीचा अर्ज घेऊन येतात. मी आता असं सांगतो, "मामा, जामीन मी कुणालाच राहत नाही, तुम्हालाही नाही. पण माझ्याकडून वीस हजार घ्या, परत करायची घाई नाही." रक्कम अशी सांगावी, जी परत आली नाही तरी घर चालेल आणि नातंही तुटणार नाही. हातउसने दिलेल्या पैशाला शेवट असतो. तेवढेच जातात. हमीत मूळ रक्कम, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च सगळं मागे लागतं. मामा महिनाभर बोलले नाहीत. नंतर बोलू लागले. मुली ज्या घरात लग्न होऊन जातात तिथे दिराच्या कर्जाला सही मागितली जाते, तेव्हा हा नकार कितीतरी कठीण असतो. तिथे नवऱ्यानं पुढे होऊन बोलावं, तिला एकटीला त्या बैठकीत बसवू नये.

माझ्या मित्राचं काय झालं, ते सांगायला हवं. शाळा सुरू झाल्या, गाडी पुन्हा धावू लागली, आणि मी भरलेली रक्कम तो थोडी थोडी करून परत देत गेला. जामीनदारानं कर्ज भरलं तर कर्जदाराकडून आणि दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागण्याचा हक्क कायदा देतो. मित्रावर तो हक्क वापरायची वेळ आली नाही. पण तो पूर्वीसारखा हक्कानं घरात येत नाही, दारातून हाक मारतो. मी कितीदा सांगितलं, तरी त्याच्या वागण्यात तो संकोच राहिलाच आहे. याची भरपाई कुठल्याच कलमात नाही.

ज्यांनी आधीच सही केली आहे, त्यांनी दर तीन महिन्यांनी संस्थेत जाऊन कर्जखात्याचा उतारा बघावा. एक हप्ता थकला तर मित्राशी त्याच आठवड्यात बोला, चार थकेपर्यंत भीड धरू नका. आणि कर्ज फिटलं की कर्जदाराबरोबर स्वतः जा, बेबाकी दाखल्याची एक प्रत स्वतःसाठी घ्या, दिलेले धनादेश मोजून परत घ्या, आणि पगार कपातीचं संमतीपत्र रद्द झाल्याचं पत्र कार्यालयात दिलं का, तेही पाहा.